जखमी होण्याआधी नियम वाचा

पहाटे पाचला सातारा, सांगली, कोल्हापूर, बुलढाणा अशा कुठल्याही जिल्ह्यात जा, डांबरी रस्त्यावर पोरं पळत असतात. भरतीची तयारी. सोळाशे मीटर किती मिनिटांत, पुलअप्स किती, छाती किती फुगते, सगळं तोंडपाठ. गावोगावच्या अकॅडम्या लेखी पेपरपासून मेडिकलपर्यंत सगळं करून घेतात. एकच धडा राहतो: जखमी कसं व्हायचं.

हसू नका. लढायचं कसं हे लष्कर शिकवतं. जखमी व्हायचं कसं हे ज्याचं त्याने शिकायचं असतं, आणि बहुतेकांना ते बोर्ड आऊट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवल्यावर, घरी आल्यावरच कळतं. कायमच्या अपंगत्वाची पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. पण हक्काचे नियम असे की जखम योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य टक्क्यांची आणि शक्यतो साक्षीदारांसमोर व्हावी लागते. तेव्हा पोरांनो, या आठवड्यात हा धडा. फी नाही.

नियम पहिला: टक्के मोजून घ्या

पेन्शनला अपंगत्व किमान २० टक्के लागतं. मेडिकल बोर्डाने १९ लिहिले तर दहावीत ३४ मार्क पडल्यासारखं. दोन्हीकडे बोर्डच, पण इथल्या बोर्डाकडे ग्रेस मार्क नाहीत.

२० ची रेघ ओलांडली की सरकार एकदम दिलदार होतं. १ जानेवारी १९९६ पासून टक्के वर ओढून घ्यायची पद्धत आहे. ५० च्या खालचं ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५, त्यापुढचं थेट १००. हिशेब करू. शेवटचा पगार ४०,००० रुपये धरा. शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. २० टक्केवाल्याचे ५० धरून निम्मे, ६,०००. महागाई भत्ता वेगळा. १९ टक्केवाल्याला शून्य. एका टक्क्याची किंमत महिन्याला सहा हजार. बोर्डाच्या डॉक्टरांचं पेन जरा जड आहे, ते यामुळे.

या दिलदारपणात एक पाचर मारून ठेवलेली होती. वाढीव टक्के फक्त मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना. जो अपंगत्व अंगावर घेऊन पाय ओढत मुदत पुरी करायचा, त्याला नाही. जास्त राबला, हीच त्याची चूक. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पाचर उपटली. त्याच वर्षी सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालयाने सरकारला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. अपंग म्हणून ज्याला तुम्हीच नोकरीतून काढलंत, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली कसं असेल? नोकरीसाठी जास्त अपंग आणि पेन्शनसाठी कमी अपंग, असा माणूस फक्त फाइलीत जन्माला येतो.

पुढे सातव्या वेतन आयोगाने टक्क्यांची कटकटच काढून ठोक भाव सुचवले. शंभर टक्क्यांना अधिकारी २७,०००, जेसीओ (सुभेदार वगैरे) १७,०००, जवान १२,०००. गणवेश नसलेल्या सरकारी नोकरांना मात्र पगाराच्या टक्क्यांनीच. २०१६ मध्ये त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. अखेर ३ मे २०१७ ला मंत्रिमंडळाने टक्केवारीच कायम ठेवली. त्याचा जादा बोजा सांगितला गेला वर्षाला सुमारे १३० कोटी. एवढ्या रकमेसाठी अख्ख्या फौजेला नाराज करायची हिंमत आपल्याच देशात होऊ शकते.

नियम दुसरा: जागा नीट निवडा

लष्करी कागदात दुखापतीचे पाच गट असतात, ए ते ई. ए म्हणजे सेवेशी संबंध नाही. बी म्हणजे आजार सेवेमुळे जडला किंवा बळावला. सी म्हणजे ड्यूटीवरचा अपघात. डी म्हणजे ड्यूटीवर असताना दहशतवाद्यांचा किंवा समाजकंटकांचा हल्ला. ई म्हणजे युद्ध, शत्रू, सीमेवरची चकमक.

गट बदलला की हिशेब बदलतो. ई गटात बोर्ड आऊट झालेल्याला शंभर टक्के अपंगत्वासाठी पूर्ण पगाराएवढा युद्धजखमेचा भाग मिळतो. वरच्या उदाहरणात ४०,०००. तेच अपंगत्व सी गटात गेलं की १२,०००. पेन्शनमधला नोकरीचा, म्हणजे सेवेचा भाग दोघांनाही वेगळा. गोळी खाल्लेल्याला जास्त मिळावं, याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. फक्त गाडी दरीत गेली त्या रात्री ती कशासाठी निघाली होती, चकमकीला की रेशन पोचवायला, हे कागदावर कोण लिहितं आणि कसं लिहितं, त्यावर घरातली चूल ठरते.

सुट्टीत तर अजिबात पडू नका. सुट्टीवर घरी जाताना किंवा परत येताना वाटेत अपघात झाला तर तो ड्यूटीत धरता येतो. घरी पोचल्यावर नाही. सुट्टीत बहिणीच्या घरी जिन्यावरून पडलेल्या एका जवानाला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पेन्शन नाकारली. न्यायालयाचं म्हणणं रास्त आहे, दुखापतीचा सेवेशी काही धागा हवा. तेव्हा गावी आलात की जिना, स्कूटर, विहीर आणि बैल यांच्यापासून लांब राहा. हात मोडून घ्यायची फारच हौस असेल तर युनिटमध्ये परत जाऊन मोडा.

नियम तिसरा: आजारी पडलात तर आईबापांवर येईल

भरतीच्या वेळी तुम्हाला उघडं करून तपासतात. दात मोजतात, गुडघे जुळतात का बघतात, कानात डोकावतात. एवढ्यातून पार पडलात की तुम्ही देशातले सर्वांत निरोगी तरुण. दहा-वीस वर्षांनी फिट आली, रक्तदाब चढला, मन सैरभैर झालं, की तेच लष्कर म्हणतं, हा आजार मुळात तुमच्या अंगातच होता. सेवेमुळे जडलेला नाही, बळावलेलाही नाही. बोर्डाच्या अहवालात त्यासाठी एक ओळ पुरते. कारण लिहायचं बंधन कागदावर आहे, सवयीत नाही.

धरमवीर सिंग यांची गोष्ट अशीच. १९८५ ला सिग्नल कोअरमध्ये भरती, १९९४ ला अपस्माराच्या निदानाने घरी, अपंगत्व २० टक्के, पेन्शन नामंजूर. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि नियमाचा अर्थ सरळ लावला. भरतीच्या वेळी तुम्ही आजाराची नोंद केली नसेल, तर माणूस निरोगी आला होता असं धरायचं. आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं. शंका उरली तर फायदा जवानाला.

यानंतर वाद संपायला हवा होता. तो २०२५ मध्येही सुरू होता. १९८५ लाच भरती झालेला दुसरा एक जवान सियाचीनमध्ये होता, तिथे त्याला फिट आली, १९८९ ला त्याला घरी पाठवलं. उणे तापमान, विरळ हवा, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणे! सर्वोच्च न्यायालयाने त्याला ५० टक्के धरून पेन्शन दिली २०२५ मध्ये. विशीत घरी आलेला पोरगा तोवर आजोबा व्हायच्या वयाला पोचला.

मधुमेहाचंही तसंच. शांततेच्या ठाण्यावर असताना झाला, म्हणून सेवेमुळे नाही, हा सरकारचा आवडता युक्तिवाद. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त सुभेदाराच्या बाजूने निकाल देताना तो फेटाळला आणि शेकोटीजवळ बसून कॉफी पिणाऱ्यांना सीमेवरच्या थंडीची आठवण करून दिली. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला साखर कुठून आली, हे सरकारला शोधायचंच असेल तर आधी लंगरचा चहा तपासावा.

नियम चौथा: शिकताना पडू नका

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथला कॅडेट बॉक्सिंगच्या रिंगणात किंवा घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला, तर तो कोण? अधिकारी नाही, कारण खांद्यावर तारे लागलेले नाहीत. जवान नाही. माजी सैनिक तर नाहीच, कारण तो सैनिकच झाला नव्हता. त्याला महिन्याला ४०,००० रुपयांपर्यंतची सानुग्रह मदत. पेन्शन नव्हे, सानुग्रह. हक्क आणि अनुग्रह यांत जो फरक आहे तो त्या पोराच्या आईबापांनी वर्षानुवर्षं भोगला.

१९८५ पासून असे सुमारे ५०० कॅडेट घरी गेल्याची बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये छापून आली, सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची दारं उघडली. चाळीस वर्षं जे अवघड होतं ते तीन आठवड्यांत झालं. अवघड काय होतं, ते आता कुणी सांगेल का?

नियम पाचवा: चार वर्षांचे असाल तर एकदाच काय ते मागा

चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीराचा मामला एकदम आधुनिक. पेन्शनची भानगड नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला १०० टक्क्यांसाठी ४४ लाख, ७५ साठी २५ लाख, ५० साठी १५ लाख, एकरकमी. शिवाय उरलेल्या महिन्यांचा पगार आणि सेवा निधीची साठवलेली रक्कम. रक्कम लहान नाही, उगाच नाक मुरडू नये. बँकेत ठेवली तर व्याजही येईल. महागाई भत्ता मात्र येणार नाही, आणि पुढचा वेतन आयोग त्याच्या दारावरून तसाच पुढे जाईल. बाविशीतल्या पोराला पन्नास वर्षं काढायची असतात. धनादेश दिला की सरकारचं खातं बंद होतं. पाय काही परत उगवत नाही.

शेजारच्याच बंकरमध्ये त्याच स्फोटात जखमी झालेला कायम भरतीचा जवान जन्मभर पेन्शन घेणार. दोघांच्या अंगात छऱ्याचे तुकडे सारखेच, पण तुकड्यांना काय ठाऊक कुणाची भरती कुठल्या योजनेतली!

नियम सहावा: घरच्यांना कारकुनी शिकवा

शंभर टक्के अपंग माणसाला सतत कुणीतरी जवळ लागतं. त्यासाठी परिचर भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो ठरला महिन्याला ६,७५० रुपये. तेव्हाच्या हिशेबाने दिवसाचे २२५. तासाला साडेनऊ रुपयांच्या आत. अंथरुणात कूस बदलायची, लघवीची पिशवी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोनदा उठायचं. या दरात बाहेरचा माणूस मिळत नाही, म्हणून हे काम बायको करते. ती नसेल तर आई. देशभक्तीची सगळ्यात स्वस्त मजुरी ती हीच.

तो गेला की गंमत पुन्हा पहिल्यापासून. अपंगत्वाचा भाग त्याच्याबरोबर जातो. मागे उरते कुटुंब पेन्शन, आणि तिचे तीन मजले आहेत. साधी असेल तर पगाराच्या ३० टक्के. मृत्यू सेवेशी जोडलेला असेल तर विशेष, ६० टक्के. युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना गेला असेल तर उदारीकृत, पूर्ण पगाराएवढी. अपंग फौजी घरात वारला तर बाईने काय दाखवायचं? की तो त्याच अपंगत्वामुळे गेला. ज्या जखमेचे टक्के सरकारने एकदा मोजून, सही-शिक्का मारून मान्य केले, तिचंच पोस्टमॉर्टेम पुन्हा कागदावर. नवऱ्याने आयुष्यभर जे सिद्ध केलं ते बायकोने तेराव्यानंतर पुन्हा सिद्ध करायचं. त्यात मृत्यूच्या दाखल्यावर गावच्या डॉक्टरने सवयीने 'हृदय बंद पडून' लिहिलं, की सगळंच बंद पडलं. हृदय बंद पडल्याशिवाय मरतं कोण?

नियम सातवा: जिंकलात तरी पेढे वाटू नका

सैन्य न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ ला. मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. हेतू चांगला होता, जवानाला लवकर न्याय मिळावा. जवान जिंकायलाही लागला. मग सरकारने नवा खेळ सुरू केला, अपील.

पर्रीकरांच्या हे लक्षात आलं होतं. २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजरही होते. समितीने सांगितलं, अपंगत्वाच्या पेन्शनविरुद्धची अपिलं मागे घ्या. अहवाल त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या सुमारे ३०० याचिका एका दमात फेटाळल्या. सगळ्या जिंकलेल्या फौजींविरुद्धच्या, सगळ्या अपंगत्वाच्या. मधली दहा वर्षं अहवाल कुठल्या कपाटात होता, त्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, व्हायला हरकत नाही.

आणि दुसरी बाजू

ती लिहिली नाही तर उद्या साहेबांचा फोन येईल. महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं आहे की २०१५-१६ ते २०१९-२० या वर्षांत निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी दरवर्षी ३६ ते ४० टक्के जणांना अपंगत्वाची पेन्शन लागली. जवानांत हे प्रमाण १५ ते १८ टक्के. बर्फात जास्त वेळ उभा राहतो जवान, रक्तदाब चढतो साहेबांचा. निवृत्ती जवळ आली की काहींची साखर बरोबर रेघेपर्यंत चढते, हे छावणीत सगळ्यांना माहीत असतं आणि मेसमध्ये कुणी बोलत नाही.

म्हणून सरकारला संशय येतो, यात चूक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे, कडक नियमही आले. पण चाळणी बारीक केली की तिच्यात कोण अडकतं? साहेबांना नियमाचं पान पाठ असतं, बोर्डावरचे डॉक्टर त्यांच्याच मेसमध्ये जेवतात. अडकतो तो सोळाव्या वर्षी दहावी करून आलेला शिपाई, ज्याला आपल्या अहवालाची नक्कल मागायची असते हेही माहीत नसतं. संशय वरच्यांमुळे, झडती खालच्यांची.

आता थट्टा बाजूला

काही कामाच्या गोष्टी कापून ठेवा. दुखापत किरकोळ वाटली तरी इंज्युरी रिपोर्ट लिहून घ्या. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची नक्कल ठेवा. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागा आणि तिच्यात कारण लिहिलंय का ते बघा, सही करण्याआधी.

दावा नाकारला तर पहिलं अपील सहा महिन्यांत करा, तेही नाकारलं तर दुसरं पुढच्या सहा महिन्यांत, मग न्यायाधिकरण. वर्षं लोटली म्हणून हक्क संपत नाही, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी पहिल्यांदा दावा केलात तर सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत बायकोच्या हाती असू द्या, तिचं नाव आणि जन्मतारीख त्यात आणि आधारवर एकच आहे का तेही बघा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बहुतेक जिल्ह्यांच्या गावी आहे. तिथे जा, फॉर्म फुकट मिळतात.

जाता जाता

आपला देश जखमी सैनिक सांभाळण्यात कच्चा नाही. एकट्या पुण्यात बघा. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, खडकीतली क्वीन मेरीज तंत्रशिक्षण संस्था १९१७ ची, तिथलंच कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ चं. पाय बसवायला आपल्याला येतं, व्हीलचेअरवरून तिरंदाजी शिकवायलाही येतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या खाऊन १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक पोहून आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. पाय बसवायला वेळ लागत नाही. पाय गेला, हे मान्य करायला लागतो.

म्हणून एक सूचना. अपंग जवान न्यायाधिकरणात जिंकल्यावर त्याच्याविरुद्ध अपील करायचं असेल, तर फाइलीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी ठळक लिहाव्यात: मंजुरी देणाऱ्या साहेबांचं नाव, सरकारी वकिलाची फी आणि त्या जवानाचं आजचं वय. अपील फेटाळलं गेलं की फी साहेबांच्या पगारातून कापावी. आणि चूक साहेबांची नव्हती असं कुणाला वाटत असेल, तर ते साहेबांनी सिद्ध करावं. कागदपत्रांसह. तीन प्रतींत.